पेपर कोणाचा? 'टाइम्स ऑफ इंडिया'च्या मालकीची १८३८पासूनची हकीकत

दौतटाक (धागाकर्ता)

परवा दुसऱ्या एका धाग्यावर वाद चालला होता. एकजण म्हणत होता, टाइम्स मुळात इंग्रजांचा, मग जैनांनी घेतला. दुसऱ्याचं म्हणणं, इंग्रजांचा कसला, सुरुवातीला त्यात इथल्याच माणसांचे पैसे होते. दोघांचंही खरं होतं, फक्त दोघं वेगवेगळ्या सालांबद्दल बोलत होते. तिथे उत्तर लिहायला बसलो आणि ते इतकं लांबलं की म्हटलं, स्वतंत्र धागाच काढू.

पहिला अंक ३ नोव्हेंबर १८३८चा, शनिवारचा. नाव 'द बॉम्बे टाइम्स अँड जर्नल ऑफ कॉमर्स'. आठवड्यातून दोनदा, बुधवारी आणि शनिवारी निघायचा. बाळशास्त्री जांभेकरांच्या 'दर्पण'ला तेव्हा सहा वर्षं झाली होती, आणि गव्हर्नर जनरल मेटकाफनं छापखान्यांवरचे निर्बंध उठवले त्याला तीन. मुंबईचा व्यापार कापूस आणि अफूवर चालला होता. 'ह्यू लिंडसे' ही आगबोट १८३०मध्ये मुंबईहून सुएझला जाऊन आली, तेव्हापासून विलायतेची डाक लवकर मिळण्याची आशा व्यापाऱ्यांना लागली होती. बोट कधी येणार, काय घेऊन येणार, लंडनमध्ये भाव काय, हे ज्याला आधी कळेल तो पुढे. अशा गरजेतून निघालेला हा पेपर. नावातलं 'जर्नल ऑफ कॉमर्स' उगाच नाही.

सुरुवातीच्या व्यवस्थेत रावबहादूर नारायण दीनानाथ वेलकर या मराठी सुधारकाचं नाव येतं. पहिले संपादक डॉ. ब्रेनन. ते वर्षभरातच वारले आणि जॉर्ज बुइस्ट हे स्कॉटिश गृहस्थ आले. बुइस्ट नुसते संपादक नव्हते. हवामान, भूगोल, समुद्राच्या भरती-ओहोटी अशा सगळ्यांत त्यांना रस, कुलाब्याच्या वेधशाळेचं कामही त्यांनी पाहिलं. त्यांच्याच कारकिर्दीत १८५०मध्ये पेपर रोजचा झाला.

आता ज्यासाठी धागा काढला तो भाग. १८५७चा उठाव झाला आणि बुइस्टनी हिंदी लोकांविरुद्ध इतकं जहाल लिहायला सुरुवात केली की पेपरमध्ये ज्यांचे पैसे होते तेच हादरले, कारण भागधारकांत हिंदी माणसं होती. त्यांनी बुइस्टना आवरतं घ्यायला सांगितलं. बुइस्टनी ऐकलं नाही. तेव्हा भागधारकांनी त्यांना संपादकपदावरून काढलं आणि रॉबर्ट नाइट यांना बसवलं.

जरा विचार करा, साल कोणतं आहे. दिल्ली पडली आहे, गावोगाव फाशी देणं चालू आहे, इंग्रजी पेपरांतून सूड-सूड असा एकच घोष आहे. आणि त्या वर्षी मुंबईत काही हिंदी व्यापारी एका इंग्रजी पेपरच्या गोऱ्या संपादकाला सांगतात की आमच्या पैशावर आमच्याच माणसांविरुद्ध हे छापायचं नाही. मोर्चा नाही, अर्ज-विनंत्या नाहीत. भाग त्यांचे होते म्हणून त्यांचं चाललं. शाळेत १८५७ शिकताना हे कुणी सांगितलं नाही याची मला आजही हळहळ वाटते.

पुढे काय झालं? १८६०मध्ये नाइटनी या हिंदी भागधारकांचे भाग विकत घेतले. तीन वर्षांत! 'बॉम्बे स्टँडर्ड' हा प्रतिस्पर्धी पेपर यात विलीन झाला, नाव काही काळ 'बॉम्बे टाइम्स अँड स्टँडर्ड' झालं आणि १८६१मध्ये 'द टाइम्स ऑफ इंडिया'. मुंबईच्या व्यापाऱ्यांचा पेपर देशाचा झाला तो असा. नाइट माणूस मोठा होता. सरकारला न भिणारा, रयतेच्या बाजूनं लिहिणारा. पुढे १८७५मध्ये कलकत्त्याला 'स्टेट्समन' काढला तोही त्यांनीच. त्यांच्याविषयी मला आदरच आहे. पण ज्या क्षणी पेपरचं नाव देशाचं झालं, त्याच्या आदल्याच वर्षी त्यातला देशी माणसांचा भाग संपला होता.

पुढची वाटचाल थोडक्यात. १८९२मध्ये पेपर टॉमस ज्युएल बेनेट आणि फ्रँक मॉरिस कोलमन या दोघांकडे गेला. त्यांच्याच नावाची कंपनी आजही मालक आहे, बेनेट, कोलमन अँड कंपनी. १९०७ ते १९२४ स्टॅन्ले रीड संपादक होते. त्याआधी संध्याकाळी पाचनंतर आलेली बातमी दुसऱ्या दिवसावर जायची, रीडनी ती वेळ मध्यरात्रीपर्यंत नेली. आज रात्री उशिरा लागलेला निकाल सकाळच्या पेपरात वाचतो त्याचं मूळ तिथे.

१९४६मध्ये इंग्रज निघायच्या बेतात असताना उद्योगपती रामकृष्ण दालमियांनी कंपनी दोन कोटी रुपयांना घेतली. त्या वेळचे दोन कोटी. हे पैसे आले कुठून, हा प्रश्न पुढे दहा वर्षं पुरला. दालमियांच्या हाताखाली एक बँक होती आणि एक विमा कंपनी. तिथला, म्हणजे ठेवीदारांचा आणि विमेदारांचा पैसा या खरेदीसाठी फिरवला गेला, असं चौकशीत निघालं. डिसेंबर १९५५मध्ये फिरोज गांधींनी लोकसभेत विमा कंपन्यांतल्या गैरकारभाराचा पाढा वाचला, त्यात दालमियांचं प्रकरण मुख्य होतं. दालमियांना दोन वर्षांची शिक्षा झाली. आणि १९५६मध्ये आयुर्विम्याचं राष्ट्रीयीकरण होऊन एलआयसी जन्माला आली. राष्ट्रीयीकरणाची कारणं इतरही होती, पण एक वर्तमानपत्र विकत घेण्याच्या व्यवहाराचा धागा थेट तुमच्या-माझ्या विम्याच्या पॉलिसीपर्यंत येतो हे विसरू नये.

दालमियांनंतर कंपनी त्यांचे जावई साहू शांतिप्रसाद जैन यांच्याकडे गेली आणि त्यांच्याकडेच राहिली. सुटून आल्यावर दालमियांनी ती परत मागितली, ती मिळाली नाही.

मग २८ ऑगस्ट १९६९. मुंबई उच्च न्यायालयात न्या. नैन यांनी कंपनीचं संचालक मंडळ बरखास्त करून नवं मंडळ नेमण्याचा अंतरिम आदेश दिला. केंद्र सरकारची तक्रार होती की कंपनीचा कारभार सार्वजनिक हिताला बाधक रीतीनं चालतो. शांतिप्रसाद जैन संचालक राहिले नाहीत. अध्यक्ष म्हणून नेमले गेले द. का. कुंटे, मुंबई विधानसभेचे माजी अध्यक्ष आणि तेव्हाचे खासदार. म्हणजे देशातला एक सर्वांत मोठा दैनिक समूह जवळजवळ सात वर्षं सरकारी वर्चस्वाच्या मंडळाखाली चालला. १९७६मध्ये, आणीबाणी चालू असतानाच, तो शांतिप्रसादांचे चिरंजीव अशोककुमार जैन यांच्याकडे परत देण्यात आला.

या तारखा मी मुद्दाम शेजारी-शेजारी ठेवतोय. १९६९मध्ये काँग्रेस फुटली, चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं. १९७५-७७ आणीबाणी. पेपरचा ताबा काढून घेणं आणि परत देणं, दोन्ही गोष्टी अशा वर्षांत झाल्या जेव्हा दिल्लीला पेपरांची सगळ्यात जास्त गरज होती.

त्यानंतर मालकी त्याच घराण्यात आहे. १९९९मध्ये अशोककुमार गेल्यावर इंदू जैन अध्यक्ष झाल्या, २०२१मध्ये कोविडनं त्यांचं निधन झालं. समीर आणि विनीत ही त्यांची मुलं. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली नाही, म्हणजे तुम्ही-मी ठरवूनही तिचा एक भाग बाजारातून घेऊ शकत नाही.

१८५७मध्ये मुंबईचा व्यापारी घेऊ शकत होता. मला जे बोलायचं आहे ते एवढंच. चर्चा होऊ द्या.

---

गिरगावकर

फार छान लिहिलंय दौतटाक. बुइस्टचं नाव वेधशाळेच्या संदर्भात वाचलं होतं, हाच तो माणूस हे आज कळलं.

एक भर घालतो. कोलमन साहेबांचा शेवट फार वाईट झाला. पहिल्या महायुद्धात, ३० डिसेंबर १९१५ला 'पर्शिया' ही बोट क्रीटजवळ जर्मन पाणबुडीनं बुडवली, त्यात ते गेले. ती बोट हिंदुस्थानकडेच येत होती. त्यानंतर शंभराहून जास्त वर्षं त्यांचं नाव पेपरच्या पायथ्याशी रोज छापलं जातंय, आणि बोरीबंदरसमोरच्या त्या इमारतीखालून रोज जाणाऱ्या लोकांना कोलमन कोण हे ठाऊक नाही. मलाही कालपर्यंत नव्हतं.

---

अरुणिमा

माहिती उत्तम, पण निष्कर्षाशी मी सहमत नाही, दौतटाक.

तुम्ही १८५७च्या भागधारकांना उचलून धरता, ते बरोबरच. पण त्यांनी भाग विकले म्हणून काहीतरी गमावलं असा जो सूर आहे तो मला पटत नाही. भागधारक होते म्हणून बुइस्ट गेले, मान्य. पण नाइट आले आणि टिकले ते त्यांच्याकडे मालकी आली म्हणून. दहा मालक असते तर प्रत्येक अग्रलेखाला दहा जणांची मनं सांभाळावी लागली असती. नाइटनी तारेनं बातम्या पुरवायची व्यवस्था उभी केली, रॉयटर या वृत्तसंस्थेचं हिंदुस्थानातलं काम घेतलं. हा धोका व्यापाऱ्यांच्या मंडळानं पत्करला असता का?

दुसरं उदाहरण आपल्या आठवणीतलं. रामनाथ गोएंका. 'इंडियन एक्सप्रेस' हा एकट्या माणसाचा पेपर, सगळा व्यवहार एका हाती. आणीबाणी लागल्यावर २८ जून १९७५ला एक्सप्रेसनं अग्रलेखाची जागा कोरी सोडली ती त्या मालकाच्या छातीवर. सरकारनं त्यांना कमी छळलं नाही. त्याच वेळी टाइम्सवर सरकारी मंडळ होतं. म्हणजे मालक एक की अनेक, यानं काही ठरत नाही. मालकाला दुसऱ्या कुठल्या धंद्यासाठी सरकारची गरज आहे का, यानं ठरतं. आणि गोएंकांचेही इतर उद्योग होते, तरी ते उभे राहिले. म्हणजे शेवटी माणसावर येतं.

आणि जैन कुटुंबाबद्दल लिहिताना भारतीय ज्ञानपीठ का वगळलंत? १९४४मध्ये शांतिप्रसाद आणि रमा जैन यांनी ते स्थापन केलं. रमाबाई दालमियांच्या कन्या. १९६५पासून दिला जाणारा ज्ञानपीठ पुरस्कार तिथला. खांडेकर, कुसुमाग्रज, विंदा, नेमाडे हे आपले चौघं त्याच पुरस्काराचे मानकरी. 'धर्मयुग'सारखं साप्ताहिक हिंदीत घरोघर पोचलं ते याच समूहातून. मालकाची एक बाजू दाखवली तर दुसरीही दाखवा.

---

दौतटाक

अरुणिमा, ज्ञानपीठ राहून गेलं ही माझी चूक, मान्य. तुम्ही लिहिलंत हे बरं झालं.

मराठीपुरतं आणखी एक. १८ जून १९६२ला 'महाराष्ट्र टाइम्स' सुरू झाला तोही या कंपनीचाच. द्वा. भ. कर्णिक पहिले संपादक, १९६८पासून गोविंद तळवलकर, ते थेट १९९६पर्यंत. म्हणजे तळवलकरांच्या कारकिर्दीची पहिली आठ वर्षं पाहिली तर त्यातली बहुतेक वर्षं वरचं मंडळ सरकारनियुक्त होतं. त्या काळातले अग्रलेख घरी वाचले जायचे तेव्हा आम्हा कुणाला हे माहीतही नव्हतं. संपादक कोण हे पाठ, मालक कोण हे कुणी विचारायचं नाही.

नाइटबद्दलचा तुमचा मुद्दा मी नाकारत नाही. पण एक फरक ध्यानात घ्या. चांगला मालक मिळणं हे नशीब. गोएंका गेले १९९१मध्ये, आणि नव्वदच्या दशकातच एक्सप्रेसची वाटणी होऊन उत्तरेचा 'इंडियन एक्सप्रेस' आणि दक्षिणेचा 'न्यू इंडियन एक्सप्रेस' असे दोन झाले. माणूस गेल्यावर उरतं ते मालकीचं स्वरूप. १८५७मध्ये संपादकाला जाब विचारायला व्यवस्थेत एक जागा होती. ती जागा पुढे कुठे गेली, हा माझा प्रश्न आहे.

---

न्यायवाचक

ती जागा काही काळ न्यायालयात गेली. वकिली करतो म्हणून या कोपऱ्यातून थोडं सविस्तर लिहितो.

आधी दालमिया. चौकशी आयोग नेमला गेला डिसेंबर १९५६मध्ये, आणि त्याचे पहिले प्रमुख मुंबईचे न्या. तेंडोलकर. दालमिया सर्वोच्च न्यायालयात गेले की आम्हालाच वेगळं काढून चौकशी का? १९५८चा तो निकाल आम्हा विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षी शिकवतात, कारण समानतेच्या हक्कात 'वर्गीकरण' कधी चालतं आणि कधी नाही याची सूत्रं त्यात एकत्र मांडली आहेत. न्यायालयानं आयोग उचलून धरला. पुढे त्या आयोगाचं काम न्या. विवियन बोस यांच्याकडे आलं, नागपूर उच्च न्यायालयाचे एकेकाळचे मुख्य न्यायाधीश. म्हणून त्याला सगळे बोस आयोगच म्हणतात.

पण मला सांगायचंय ते पानांच्या भांडणाबद्दल. न्या. राजाध्यक्षांच्या पहिल्या वृत्तपत्र आयोगानं १९५४मध्ये सांगितलं की मोठे पेपर कमी किमतीत भरपूर पानं देतात, त्यामुळे लहान पेपर बुडतात. उपाय काय, तर किंमत आणि पानं यांची सांगड घाला. १९५६मध्ये तसा कायदा झाला, १९६०मध्ये आदेश निघाला. आता हा कायदा लहानांच्या रक्षणासाठी. आणि त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं कोण? पुण्याचा 'सकाळ'. डॉ. ना. भि. परुळेकरांचा पेपर, किंमत सात नवे पैसे, आठवड्याला चौतीस पानं. आदेशाप्रमाणे सात पैशांत फक्त चोवीस पानं देता येत होती. चौतीसच द्यायची असतील तर किंमत आठ पैसे करा. एक पैसा! पण एका पैशानं खप घटतो हे परुळेकरांना ठाऊक होतं. सप्टेंबर १९६१मध्ये निकाल लागला, न्या. मुधोळकरांनी लिहिलेला. न्यायालय म्हणालं, किती मजकूर छापायचा आणि तो किती लोकांपर्यंत पोचवायचा, दोन्ही अभिव्यक्ती-स्वातंत्र्यातच येतं. व्यापाराचं नियमन म्हणून ते कापता येणार नाही. कायदा रद्द.

याच पायावर १९७२मध्ये बेनेट कोलमनचा खटला उभा राहिला. कागद आयात करावा लागायचा, सरकार कोटा ठरवायचं. १९७२-७३च्या धोरणात जास्तीत जास्त दहा पानं अशी मर्यादा आली. एका मालकाचे अनेक पेपर असतील तर त्यांनी आपसांत कागद फिरवायचा नाही, नवा पेपर काढायचा नाही. ऑक्टोबर १९७२मध्ये चार विरुद्ध एक अशा बहुमतानं ते धोरण घटनाबाह्य ठरलं. आज वृत्तपत्र-स्वातंत्र्यावरच्या प्रत्येक युक्तिवादात हा निकाल येतो.

विरोधात होते एकटे न्या. मॅथ्यू. त्यांचं म्हणणं असं की स्वातंत्र्य केवळ बोलणाऱ्याचं नसतं, निरनिराळे आवाज ऐकण्याचा समाजाचाही हक्क असतो. कागद थोडा असेल तर तो सगळा थोरल्यांच्या हाती जाऊ देणं म्हणजे स्वातंत्र्य नव्हे. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा बहुमत पटलं होतं. आता वय वाढल्यावर मॅथ्यूंची बाजू जास्त भिडते, पण दहा पानांची मर्यादा सरकारच्या हाती देणं मला तेव्हाही मान्य नव्हतं, आजही नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी माझ्या मनात आहेत. दुसऱ्या वृत्तपत्र आयोगाचे अध्यक्ष पुढे हेच मॅथ्यू झाले, आणि १९८२च्या अहवालात त्या आयोगानं वृत्तपत्रं इतर उद्योगांपासून वेगळी काढावीत अशी शिफारस केली. अंमल झाला नाही.

दौतटाक, तुमच्या कालक्रमात ही तारीखही बसवा: खटला चालला तेव्हा कंपनीवर सरकारनियुक्त मंडळ होतं. म्हणून भागधारक आणि संपादक यांनी स्वतःच्या हक्कासाठी याचिका करणं महत्त्वाचं ठरलं. कंपनीला नागरिकाचे मूलभूत हक्क नाहीत असा सरकारचा आक्षेप होता. न्यायालयानं सांगितलं की भागधारक आणि संपादक हे नागरिक आहेत, पेपर हा त्यांचा आवाज आहे. तुमचा १८५७चा भागधारक इथे परत येतो बघा.

---

दौतटाक

न्यायवाचक, हे वाचून अंगावर काटा आला. भागधारक परत येतो ही गोष्ट माझ्या नजरेतून पूर्ण सुटली होती. मूळ लेखात भर घालत नाही, तुमचा प्रतिसादच वाचावा असं वर लिहून ठेवतो.

---

मुद्रितशोधक

तुम्ही सगळे निकाल आणि तारखा सांगताय, मी कागदाचा कोटा आतून पाहिलेला आहे. एका मराठी दैनिकात (नाव नको) बत्तीस वर्षं प्रुफं तपासली. सुरुवात खिळ्यांच्या, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांच्या काळातली. जुळारी खिळे जुळवायचे, गॅली (जुळवलेला मजकूर ठेवायचा लांबट ट्रे) यायची, ओल्या कागदावरचं प्रुफ हातात यायचं, बोटांना शाई कायम.

कोट्याच्या दिवसांत संध्याकाळी सातच्या सुमारास व्यवस्थापनाकडून निरोप यायचा, आज दोन पानं कमी. मग काय काढायचं? जाहिरात निघत नाही. पहिल्यांदा जायची वाचकांची पत्रं. मग तालुक्याच्या बातम्या. मग शास्त्रीय संगीताचं परीक्षण. एका वार्ताहरानं दुष्काळी भागात आठ दिवस फिरून लिहिलेला मजकूर चार दिवस गॅलीत पडून राहिला आणि शेवटी खिळे सोडवून पुन्हा त्यांच्या खणांत टाकले, म्हणजे तो मजकूर छापलाच गेला नाही. तो वार्ताहर माझ्यासमोर उभा होता. काही बोलला नाही. त्याचा चेहरा मला अजून आठवतो. म्हणून न्या. मॅथ्यूंचं म्हणणं कितीही उदात्त असलं तरी पानांवर मर्यादा घातली की आधी मरतो तो दुबळ्यांचाच मजकूर, हे मी या डोळ्यांनी पाहिलंय.

आता मालकी शोधायची असेल तर एक साधा मार्ग सांगतो. प्रत्येक पेपरच्या शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत ओळ असते, 'हे वृत्तपत्र मालक अमुक यांच्यासाठी मुद्रक-प्रकाशक तमुक यांनी अमुक ठिकाणी छापून प्रसिद्ध केले, संपादक अमुक'. तिला आम्ही नुसती 'प्रिंटलाइन' म्हणायचो. ही सक्ती १८६७च्या कायद्यापासूनची. तिच्यात एक अक्षर चुकलं तर रात्रपाळीच्या माणसाची खैर नसे. सगळ्यात दमलेल्या वेळी सगळ्यात बारीक टाइप तपासायचा असायचा.

दुसरं, १९५६च्या नियमांप्रमाणे दरवर्षी फेब्रुवारी संपल्यावरच्या पहिल्या अंकात 'नमुना चार' छापावा लागे. मालकाचं नाव, पत्ता, आणि एक टक्क्याहून जास्त भांडवल असलेल्या भागधारकांची नावं. हेही न्या. राजाध्यक्ष आयोगाच्या काळातल्या विचारातूनच आलं, पेपरांचे निबंधक हे पदही तेव्हाचंच. आता २०२३चा नवा कायदा १ मार्च २०२४पासून लागू झाला आणि जुना १८६७चा गेला. पण ज्यांच्याकडे जुन्या अंकांची रद्दी किंवा ग्रंथालयातल्या बांधीव फायली आहेत त्यांनी मार्चच्या पहिल्या आठवड्याचे अंक काढून बघावेत. मालकी कशी सरकत गेली ते वर्षानुवर्षं छापलेलं आहे, लपवलेलं काही नाही. वाचणारा नव्हता एवढंच.

---

निळी शाई

काका, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. गॅलीत पडून राहिलेल्या मजकुराचं वाचून वाईट वाटलं.

मी मीडिया प्लॅनिंगमध्ये काम करते, म्हणून जाहिरातीच्या बाजूनं थोडंसं. तुम्ही सगळे मालक आणि सरकार या दोघांबद्दलच बोलताय. नव्वदच्या दशकात तिसरा आला. १९९४मध्ये टाइम्सनं दिल्लीत अंकाची किंमत दीड रुपयावर आणली. तिथे 'हिंदुस्थान टाइम्स'चं वर्चस्व होतं, आणि किमतीचं युद्ध सुरू झालं. इतक्या कमी किमतीत कागदाचाही खर्च निघत नाही, विक्रेत्याचं कमिशन वेगळंच. म्हणजे वाचक देतो ते पैसे नाममात्र, पेपर चालतो जाहिरातदाराच्या पैशावर. पुढे २००३मध्ये याच समूहानं 'मीडियानेट' आणलं, ज्यात पुरवण्यांतली काही प्रसिद्धी रीतसर पैसे घेऊन देता येऊ लागली. मग २००५च्या सुमाराला 'प्रायव्हेट ट्रीटीज' आल्या. लहान-मोठ्या कंपन्यांनी रोख पैशाऐवजी आपले शेअर द्यायचे आणि त्या बदल्यात जाहिरातीची जागा घ्यायची.

म्हणजे दौतटाक, तुमच्या भाषेत सांगायचं तर १८५७मध्ये व्यापाऱ्यांचे भाग पेपरमध्ये होते. दीडशे वर्षांनी पेपरचे भाग व्यापाऱ्यांमध्ये आहेत. बुइस्टना जाब विचारणारा भागधारक पेपरच्या वर बसला होता. आता ज्याच्याबद्दल बातमी लिहायची त्या कंपनीतच पेपरचा पैसा असू शकतो. हा मुद्दा शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीपर्यंत गेला होता, आणि असे संबंध वाचकांसमोर उघड करावेत असं प्रेस कौन्सिलनंही बंधनकारक मानलं. आमच्या धंद्यात यावर उघड बोलायला लोक कचरतात, म्हणून इथे लिहिलं.

---

अरुणिमा

निळी शाई, या मुद्द्यावर मात्र मी माझं मत बदलते. माणसावर येतं असं मी म्हणाले होते. पण ज्या पेपरला वाचकाच्या पैशाची गरजच उरली नाही तिथे मालक कितीही चांगला असला तरी वाचक त्याला कुठे धरणार? परुळेकर एका पैशासाठी सर्वोच्च न्यायालयात गेले कारण तो पैसा वाचकाचा होता.

---

गिरगावकर

मुद्रितशोधक काका, तुमचं ऐकून आज दुपारी आमच्या भागातल्या वाचनालयात जाऊन आलो. फायली वरच्या माळ्यावर आहेत, धूळ भरपूर. ग्रंथपालांनी मार्च १९७० आणि मार्च १९७७चे गठ्ठे काढून ठेवतो म्हणून सांगितलंय. बुधवारी जाणार. नमुना चारमध्ये जे दिसेल ते इथे जसंच्या तसं लिहीन.

---

दौतटाक

गिरगावकर, जमलं तर मार्च १९६९चाही बघा, म्हणजे मंडळ बदलायच्या आधीचं चित्र हाती येईल. इंग्रजी आणि मराठी दोन्ही पेपरांचे. पानं जुनी असतील, हाताळताना जपून. फोटो काढायला परवानगी नसेल तर वहीत उतरवून आणा, टंकायला मी मदत करतो.